साडेनऊशे वर्षांचा युक्तिवाद

चण अगदी लहान. एका छोट्याशा प्रकरणात मावेल एवढीच. अंगावर दागिना म्हणून नाही: शास्त्रवचनाची साक्ष नाही, चमत्काराचा दाखला नाही, सूर्यचंद्र कोणी फिरवले असा सृष्टीकडे बोट दाखवणारा प्रश्नही नाही. बोलणं मोजकं, आवाज खालच्या पट्टीतला. पहिल्या भेटीत हा आपल्याला फसवतोय असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. नेमकं कुठे फसवतोय ते मात्र पटकन सांगता येत नाही. ओळख इथूनच सुरू होते, आणि काहींच्या बाबतीत ती जन्मभर पुरते.

हा म्हणजे अँसेल्मचा युक्तिवाद. ईश्वर आहे हे ईश्वराच्या नुसत्या कल्पनेवरून सिद्ध करू पाहणारा. पाठ्यपुस्तकांतून तो ‘सत्ताशास्त्रीय युक्तिवाद’ या भारदस्त नावाने वावरतो. हे नाव त्याच्या कर्त्याने ठेवलेलं नाही. सातशे वर्षांनी कांटने त्याला मोडीत काढायला घेतलं आणि त्या खटपटीत त्याचं बारसंही करून टाकलं.

घर नॉर्मंडीतला बेकचा मठ, साल १०७७-७८. कर्ता अँसेल्म, १०३३ साली आल्प्सच्या कुशीतल्या आओस्ता गावी जन्मलेला. आई गेली, वडिलांशी पटेना, म्हणून त्याने घर सोडलं आणि बरीच भटकंती करून १०५९ मध्ये तो बेकला पोहोचला. तिथे लॅनफ्रँक नावाचा गाजलेला गुरू शिकवत होता, त्याच्या ओढीने. पुढच्याच वर्षी तो भिक्षू झाला आणि १०६३ मध्ये मठाच्या प्रमुखाचा उजवा हात. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाल्यावर इंग्लंडच्या दोन राजांशी त्याचे खटके उडाले, दोनदा देशाबाहेर राहावं लागलं. पण युक्तिवाद जन्मला तेव्हा तो तरुण भिक्षूंना शिकवणारा, त्यांच्या शंका ऐकून घेणारा मठातला शिक्षक होता.

या युक्तिवादाला एक थोरलं भावंड आहे. भिक्षूंनी अँसेल्मला गळ घातली होती की ईश्वराविषयी तुम्ही आमच्याशी जे बोलता ते लिहून द्या. मात्र एखादी गोष्ट शास्त्रात सांगितली आहे म्हणून खरी, असं त्यात कुठेही येता कामा नये; जे पटायचं ते बुद्धीला पटलं पाहिजे. अकराव्या शतकात, आणि तीही भिक्षूंनी, अशी अट घालावी हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या आग्रहातून १०७६ च्या सुमारास ‘मोनोलोगिऑन’ हा ८० प्रकरणांचा ग्रंथ झाला. पण लिहून झाल्यावर अँसेल्मचं समाधान होईना. एका मुद्द्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी ती लांबलचक गुंफण होती. त्याला हवा होता एकच युक्तिवाद. स्वतःच्या पायावर उभा राहणारा, दुसऱ्या कशाचाही टेकू न लागणारा.

तो सापडेना. हा युक्तिवाद ज्यात आहे त्या ‘प्रोस्लोगिऑन’ ग्रंथाच्या प्रस्तावनेत अँसेल्मने स्वतःच सांगितलं आहे की कधी तो हाती आल्यासारखा वाटे, कधी पार निसटून जाई. शेवटी नाद सोडायचं ठरवलं, तर विचारच पाठ सोडेना. त्याचा शिष्य आणि चरित्रकार एडमर लिहितो की या ध्यासात त्याची तहानभूक हरपली, झोप उडाली आणि, सगळ्यांत वाईट म्हणजे, प्रार्थनेत लक्ष लागेना. हे सैतानाचं काम तर नसेल, अशीही शंका त्याला येऊन गेली. मग एका रात्री, पहाटेपूर्वीच्या प्रार्थनेच्या वेळी, सगळं एकदम उलगडलं.

पुढची हकिकत एडमरने बारकाईने नोंदवली आहे. त्या काळी कच्चं लेखन मेणाच्या पाट्यांवर होई. लाकडी फळी, तिला कडेने काठ, मधल्या खोलगट भागात मेणाचा थर. टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची. नको झाली की लेखणीच्या चपट्या टोकाने मेण सपाट करायचं. चर्मपत्र महाग, त्यामुळे मजकूर पक्का झाल्यावरच त्यावर चढवायचा. अँसेल्मने युक्तिवाद अशा पाट्यांवर उतरवला आणि त्या एका भिक्षूकडे जपून ठेवायला दिल्या. काही दिवसांनी मागितल्या तर पाट्या गायब. शोधाशोध झाली, कोणालाच काही ठाऊक नाही. अँसेल्मने दुसऱ्या पाट्यांवर पुन्हा लिहिलं आणि या खेपेला नीट सांभाळण्याची ताकीद दिली. सांभाळणाऱ्याने त्या अंथरुणाच्या आतल्या बाजूला दडवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाट्या जमिनीवर पडलेल्या आणि मेणाचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले. तुकडे गोळा करून अँसेल्मपुढे ठेवले गेले. त्याने ते एकमेकांना जुळवून मजकूर कसाबसा वाचून काढला, आणि आता आणखी जोखीम नको म्हणून तो चर्मपत्रावर लिहून घ्यायला सांगितलं. जन्मल्याबरोबर हा दोनदा मरता मरता वाचला तो असा. पुढे त्याला संपवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, पण मेण फोडण्याइतका सोपा उपाय पुन्हा कोणाच्या हाती लागला नाही.

आता त्याचं म्हणणं ऐकू. तो म्हणतो: ईश्वर म्हणजे ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही असं काही, एवढा अर्थ आधी मान्य करा. अस्तित्व मान्य करू नका, फक्त अर्थ. बायबलातल्या एका स्तोत्रात, ईश्वर नाही असं मनातल्या मनात म्हणणारा एक मूढ येतो. हे शब्द त्यालाही कळतात. कळतात म्हणजे ती गोष्ट निदान त्याच्या बुद्धीत आहे. चित्रकाराने अजून न काढलेलं चित्र त्याच्या मनात असतं, तशी. आता ती नुसती बुद्धीतच आहे, बाहेर नाही, असं धरून चाला. पण ती प्रत्यक्षातही आहे अशी कल्पना करता येते, आणि तसं असणं हे नुसतं बुद्धीत असण्याहून मोठं. म्हणजे ज्याहून मोठं काही कल्पिता येत नाही, त्याहून मोठं काही कल्पिता आलं! हा तर उघड विरोध. तेव्हा आपण जे धरून चाललो तेच चुकलं. ते बुद्धीतही आहे आणि प्रत्यक्षातही. एवढं बोलून तो थांबतो.

तो कुठे राहतो हेही पाहायला हवं, कारण पाठ्यपुस्तकं त्याला घरातून उचलून एकट्यालाच चौकात उभं करतात. ‘प्रोस्लोगिऑन’ हा २६ प्रकरणांचा छोटा ग्रंथ आहे आणि तो जवळजवळ सगळा ईश्वराला उद्देशून, ‘तू’ म्हणत लिहिलेला आहे. पहिलं प्रकरण म्हणजे एक व्याकूळ प्रार्थना: ज्याला पाहण्यासाठी मला घडवलं त्याला मी अजून पाहिलेलंच नाही, या जाणिवेची. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या प्रकरणात हा काटेकोर युक्तिवाद येतो. आणि पंधराव्यात अँसेल्म म्हणतो की ईश्वर आपल्याला कल्पिता येईल त्याहूनही मोठा आहे. ज्या बुद्धीवर विसंबून त्याने एवढी मजल मारली, तिची हद्दही त्याने तिथेच दाखवून दिली. कार्ल बार्थ या धर्मशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये अँसेल्मवर एक आख्खं पुस्तक लिहून याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. हा युक्तिवाद श्रद्धेच्या बाहेर उभं राहून श्रद्धेला आत ओढणारा नाही. श्रद्धेच्या आत राहून समज मागणारा आहे. मला स्वतःला बार्थचं हे म्हणणं अर्धं पटतं. कारण अँसेल्मने श्रोता म्हणून भिक्षूंना निवडलं तसं त्या मूढालाही निवडलं, आणि त्याला जे कळतं तेवढ्यावरच इमारत उभी केली. प्रार्थनेत गुंग असलेल्या माणसाने नास्तिकाची समजशक्ती गृहीत धरावी, हा मला त्याचा मोठेपणा वाटतो.

वर्गात हा युक्तिवाद फळ्यावर मांडून झाला की थोडा वेळ सगळे गप्प असतात. मग मागच्या बाकावरून हात वर येतो: “सर, मग ज्याहून चांगला हापूस कल्पिताच येत नाही, असा हापूसही कुठेतरी असायलाच हवा.” वर्ग हसतो, पण आक्षेप पक्का आहे. तो पहिल्यांदा घेतला तूरजवळच्या मार्मुतिए मठातल्या गॉनिलो या भिक्षूने, अँसेल्मच्या हयातीतच. त्याचं उदाहरण बेटाचं होतं. समुद्रात कुठेतरी हरवलेलं, सगळ्या भूमींहून समृद्ध असं एक बेट आहे म्हणतात. वर्णन मला समजलं, म्हणजे ते माझ्या बुद्धीत आहे. मग प्रत्यक्षातही असलंच पाहिजे, नाहीतर ते सर्वांत उत्तम कसलं? असं कोणी मला सांगू लागला तर तो थट्टा करतोय असंच मी म्हणेन. गॉनिलोने आपल्या टिपणात त्या मूढाची वकिली केली होती. स्वतः मात्र तो श्रद्धावान भिक्षू होता, आणि टिपणाच्या शेवटी त्याने ग्रंथाच्या उरलेल्या भागाची मनापासून तारीफ केली.

अँसेल्मने उत्तर दिलं. ज्याहून मोठं काही कल्पिता येत नाही त्याच्याखेरीज दुसऱ्या कशालाही हा तर्क लागू पडतो असं कोणी दाखवून द्यावं, मी ते हरवलेलं बेट शोधून त्याच्या हवाली करीन, अशी पैजच त्याने लावली. बेटाला तो का लागू पडत नाही, याचं उत्तर पुढे विसाव्या शतकात प्लँटिंगा या तत्त्वज्ञाने सोपं करून सांगितलं: बेटाच्या चांगुलपणाला कमाल मर्यादाच नाही. कितीही सुंदर बेट घ्या, आणखी एक माड लावला की ते अधिक सुंदर होईल. हापसाचंही तेच. ज्ञान किंवा सामर्थ्य यांची गोष्ट वेगळी. त्यांना कमाल मर्यादा असू शकते.

पण मला या उत्तरापेक्षाही मोलाची वाटते ती अँसेल्मची पुढची कृती. एडमर सांगतो की टीका वाचून तो आनंदला, त्याने टीकाकाराचे आभार मानले, आणि यापुढे ग्रंथाची प्रत करताना ही टीका व तिचं उत्तर दोन्ही शेवटी जोडावीत असं सांगून ठेवलं. तसंच होत आलं. युक्तिवाद जिथे गेला तिथे त्याच्यावरचा सर्वांत धारदार आक्षेप बरोबर घेऊन गेला. त्याचा स्वभाव घडला तो इथे. आपल्याकडच्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय सिद्धांताला उभं राहता येत नाही, हा आपल्या शास्त्रग्रंथांचा दंडकच.

योगायोग असा की अँसेल्मच्या थोडं आधी, मिथिलेत, उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहून ईश्वर सिद्ध करण्याचा घाट घातला होता. त्यांचा ‘लक्षणावली’ हा ग्रंथ शके ९०६ चा, म्हणजे ९८४ सालचा. उदयनांची वाट मात्र अगदी वेगळी. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. अशा अनुमानांची त्यांनी मालिका रचली. अँसेल्मचा युक्तिवाद नैयायिकांच्या सभेत गेला असता तर पहिला प्रश्न आला असता, दृष्टांत कुठे आहे? आणि याचं उत्तर आलं असतं, दृष्टांत नाही, असूच शकत नाही, कारण मी ज्याच्याविषयी बोलतो आहे तसं दुसरं काहीच नाही. गॉनिलोला अँसेल्मने हेच तर सांगितलं. त्याचं बळ यात आहे आणि त्याच्याविषयीचा संशयही यातूनच येतो.

तेराव्या शतकात तो मठातून विद्यापीठात आला. पॅरिसमध्ये त्या काळचे दोन मोठे आचार्य त्याच्याविषयी दोन टोकांना होते, आणि दोघेही पुढे संत म्हणून पूजले गेले. बोनाव्हेंचरने त्याला जवळ केलं. टॉमस अक्वायनसने त्याला नम्रपणे दार दाखवलं. ईश्वर हा शब्द ऐकून सगळ्यांच्या मनात हाच अर्थ येतो असं नाही, काहींनी तर ईश्वराला देह आहे असंही मानलं आहे. अर्थ मान्य केला तरी त्यातून ती गोष्ट बुद्धीत आहे एवढंच ठरतं. आणि ईश्वराचं स्वरूप आपल्याला कळतच नसताना त्यावरून त्याचं अस्तित्व स्वयंसिद्ध कसं म्हणावं? असं सांगून अक्वायनस गती, कारण अशा जगात दिसणाऱ्या गोष्टींकडे वळला. दोघेही वारले १२७४ साली, आपापल्या मतावर ठाम. हा युक्तिवाद नाकारणं म्हणजे नास्तिक होणं नव्हे, हे मध्ययुगानेच असं ठरवून टाकलं. पुढे डन्स स्कोटसने त्याच्यावर जरा हात फिरवला: ज्याहून मोठं काही कल्पिता येत नाही ते मुळात विरोध न येता कल्पिता येतं का, हे आधी बघा. ही सूचना तेव्हा फारशी गाजली नाही. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली मात्र तीच ठरली.

१६४१ मध्ये देकार्तच्या चिंतनांत तो नव्या कपड्यांत आला. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन असणं जसं त्रिकोणापासून वेगळं काढता येत नाही, तसं अस्तित्व परिपूर्ण ईश्वरापासून वेगळं काढता येत नाही, असं तो आता गणिताच्या भाषेत बोलू लागला. लायब्निझने स्कोटससारखीच खोट दाखवली: परिपूर्ण असं काही शक्य आहे हे आधी सिद्ध करा. १६७६ मध्ये हेगला गेला असताना, सगळ्या पूर्णता एकत्र नांदू शकतात याची आपली सिद्धता त्याने स्पिनोझाला दाखवली. मग १७८१ मध्ये कांटचा घाव बसला. खऱ्या १०० टालरमध्ये कल्पनेतल्या १०० टालरपेक्षा एक पैसाही जास्त नसतो. टालर असणं माझ्या खिशाला फरक पाडतं, ‘१०० टालर’ या संकल्पनेत काही भर घालत नाही. तेव्हा अस्तित्व हा एखाद्या वस्तूचा आणखी एक गुण नव्हे, आणि गुणांच्या यादीत तो घालून काहीही सिद्ध होणार नाही. शंभर वर्षांनी, १८८४ मध्ये, फ्रेगेने हाच मुद्दा तर्कशास्त्रात बसवला: अस्तित्व सांगताना आपण वस्तूविषयी बोलत नसतो, संकल्पनेविषयी बोलत असतो.

एवढं झाल्यावर कोणीही निवृत्त झालं असतं. हा झाला नाही. १८९४ मध्ये केंब्रिजला विद्यार्थी असलेला बर्ट्रांड रसेल तंबाखू आणायला बाहेर पडला होता. ट्रिनिटी लेनमधून परत येताना त्याने डबा हवेत उडवला आणि त्या क्षणी त्याला वाटलं, हा युक्तिवाद बरोबर आहे! ही आठवण त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे तो त्या मतावर टिकला नाही. १९०५ च्या त्याच्या वर्णनविषयक सिद्धांतात या युक्तिवादाला नवं उत्तर होतं. तरीही तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहिताना त्याने कबूल केलं की हा चुकीचा आहे असं वाटणं सोपं, चूक नेमकी कुठे ते दाखवणं अवघड. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध नास्तिकांपैकी एकाकडून मिळालेलं हे प्रशस्तिपत्र आहे.

त्यानंतरचा काळ त्याला कठीण गेला. इंग्रजी जगातल्या तत्त्वज्ञानाच्या विभागांत एकेकाळी ईश्वराविषयीची विधानं खरी की खोटी हा प्रश्नच मागे पडला होता. ती अर्थशून्य आहेत असं १९३६ मध्ये एअर या तत्त्वज्ञाने जाहीर केलं होतं. धर्माचं तत्त्वज्ञान हा अडगळीत टाकलेला विषय आणि मध्ययुग म्हणजे इतिहासकारांचं काम, अशी वाटणी झाली होती. त्याच सुमारास दुसरीकडे चिकाटीचं काम चालू होतं. एतिएन झिल्सोंने १९२९ मध्ये टोरंटोत मध्ययुगीन अध्ययनाची संस्था काढली. बेनेडिक्टिन भिक्षू एफ. एस. श्मिटने हस्तलिखितं ताडून अँसेल्मच्या समग्र ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. असं बैठकीचं काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही.

मग १९६० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून नॉर्मन माल्कमचा लेख आला. माल्कम विटगेनस्टाइनचा शिष्य. असल्या युक्तिवादाची बाजू तो घेईल असं कोणाला वाटलं नसेल. तो म्हणाला, दुसऱ्या प्रकरणातल्या युक्तिवादाला कांटचं उत्तर पुरेसं आहे. पण तिसऱ्या प्रकरणात दुसरा एक युक्तिवाद आहे तो आपण वाचलाच नाही. तिथे अस्तित्वाला मोठेपणा म्हटलेलं नाही. ‘नाही’ असं ज्याच्याविषयी कल्पिताच येत नाही, त्या अनिवार्य अस्तित्वाला म्हटलं आहे. चार्ल्स हार्टशॉर्न हेच आधीपासून सांगत होता. म्हणजे सगळे एका भावाशी भांडत असताना त्याचा जुळा भाऊ शेजारच्या खोलीत बसला होता. त्याच लेखात माल्कमने प्रामाणिकपणे असंही म्हटलं की एखादा नास्तिक हा युक्तिवाद बरोबर आहे असं पटवून घेऊनही नास्तिकच राहील, हे आपण समजू शकतो.

या वळणावर अनेक अभ्यासकांची आयुष्यं त्याच्याशी जोडली गेली. अ‍ॅल्विन प्लँटिंगाने १९६५ मध्ये त्याच्यावरच्या लेखांचा संग्रह संपादित केला. १९६३ ते ८२ तो कॅल्व्हिन कॉलेजात आणि पुढे २०१० पर्यंत नोत्र दाम विद्यापीठात शिकवत राहिला. १९७४ च्या ‘द नेचर ऑफ नेसेसिटी’मध्ये त्याने युक्तिवाद शक्य जगांच्या भाषेत नव्याने रचला: सर्व शक्य जगांत जे परमश्रेष्ठ असेल असं काही एका जरी शक्य जगात असेल, तर ते सगळ्याच जगांत आहे, म्हणून आपल्याही. तर्क चोख. पण ‘असं काही शक्य आहे’ हे वाक्य मान्य करायचं की नाही? कोणी उलट म्हणू शकतो की असं काही नसणंही शक्य आहे. मग त्याच तर्काने ते अशक्य ठरतं. काटा मध्यावरच राहतो. प्लँटिंगाने हे लपवलं नाही. याने ईश्वर सिद्ध झाला असा दावा त्याने केला नाही; मानणाऱ्याचं मानणं विवेकाला सोडून नाही एवढंच यातून दिसतं, असं तो म्हणाला.

कॉर्नेलच्याच विभागात तयार झालेली मॅरिलिन मॅकॉर्ड अ‍ॅडम्स हे या कहाणीतलं माझं आवडतं नाव. ऑकम या मध्ययुगीन तत्त्वज्ञावर तिने १९८७ मध्ये दोन जाडजूड खंड लिहिले, भयंकर दुःखं आणि ईश्वराचं चांगुलपण यांचा मेळ कसा घालायचा यावर दुसरं मोठं काम केलं, एपिस्कोपल पंथाची धर्मगुरू म्हणून दीक्षा घेतली, आणि २००४ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्मशास्त्राच्या रीजियस अध्यासनावर बसणारी ती पहिली स्त्री ठरली. अँसेल्मच्या ग्रंथातली प्रार्थना ही शोभा नसून त्याच्या पद्धतीचाच भाग आहे, हे तिने तर्कशास्त्राची धार जराही बोथट न होऊ देता मांडलं. मध्ययुगाचा अभ्यास आणि आजचा प्रश्न यांच्यात तिने भिंत राहू दिली नाही.

त्याची अगदी अलीकडची भेट यंत्राशी झाली. कुर्ट गोडेल हा गेल्या शतकातला सर्वांत मोठा तर्कशास्त्रज्ञ. लायब्निझच्या वाटेने जाऊन त्यानेही या युक्तिवादाची चिन्हांकित मांडणी केली होती, आणि १९७० मध्ये ती डेना स्कॉटला दाखवली. छापली मात्र नाही. आपण खरोखरच ईश्वर मानतो म्हणून हे लिहिलं असं लोकांना वाटेल, याचा त्याला संकोच होता. २०१३ मध्ये क्रिस्टोफ बेन्झम्युलर आणि ब्रुनो वोल्टसेनलोगेल पालेओ यांनी ही मांडणी संगणकाला तपासायला दिली. स्कॉटने किंचित बदललेली मांडणी पायरीपायरीने बरोबर निघाली. गोडेलच्या मूळ गृहीतकांत मात्र एक अंतर्विरोध दडलेला होता आणि तो तोवर कोणाच्याच नजरेला आला नव्हता, हेही संगणकानेच दाखवलं. ‘संगणकाने ईश्वर सिद्ध केला’ अशा बातम्यांचा याच्याशी काही संबंध नाही. गृहीतकांपासून निष्कर्षापर्यंतची वाट कुठे तुटत नाही, एवढंच यंत्र सांगतं. गृहीतकं खरी का, हा प्रश्न अँसेल्मने जिथे ठेवला होता तिथेच, माणसापुढे, आहे.

आता त्याच्या उणिवांविषयी. तो दुःखात असलेल्याच्या उपयोगाचा नाही. त्याला करुणा ठाऊक नाही. ज्या ईश्वराविषयी तो बोलतो त्याचं रूप, नाव, हाक ऐकणं यांतलं काहीच तो स्वतःच्या बळावर देऊ शकत नाही. हे सगळं अँसेल्मच्या प्रार्थनेत आहे, युक्तिवादात नाही. मान्य केला तरी त्याने कोणाच्या आयुष्यात उजेड पडेलच असं नाही. आणि त्याची कळीची जागा, म्हणजे ज्याहून मोठं काही नाही असं काही शक्य तरी आहे का, ती स्कोटसच्या काळापासून आजपर्यंत भरून निघालेली नाही. मला स्वतःला तो सिद्धता म्हणून पटत नाही.

तरीही या विषयात त्याच्याएवढा चांगला शिक्षक मला दुसरा दिसत नाही. तो समोरच्याला विचारतो, तुझं माझ्याशी नेमकं कुठे पटत नाही? आणि उत्तर देताना प्रत्येकाला स्वतःचं तत्त्वज्ञान उघड करावं लागतं. माणसाला ईश्वराचं स्वरूप कळत नाही, ही अक्वायनसची श्रद्धा त्याच्या नकारातून दिसली. कांटचं अस्तित्वाविषयीचं मत आणि फ्रेगेचं तर्कशास्त्र इथेच धारेवर लागलं. प्लँटिंगाला विवेकाविषयीची आपली भूमिका याच ठिकाणी स्पष्ट करावी लागली. ‘असणं’ म्हणजे काय, ‘शक्य’ म्हणजे काय, कल्पना आणि वस्तू यांचं नातं काय, हे प्रश्न ईश्वर न मानणाऱ्यालाही सुटत नाहीत, आणि ते इतक्या थोड्या शब्दांत विचारणारं दुसरं काही मला माहीत नाही.

म्हणून धर्माचं तत्त्वज्ञान शिकू पाहणाऱ्याला मी सांगतो, सुरुवात याच्यापासून कर. आस्तिक असलास तर आपल्या बाजूचा आहे म्हणून चटकन स्वीकारू नकोस. अक्वायनसने स्वीकारला नव्हता. नास्तिक असलास तर हसून सोडू नकोस. रसेलला तसं सोडता आलं नव्हतं. आधी प्रार्थनेचं प्रकरण, मग युक्तिवाद, मग गॉनिलो, मग उत्तर, अशा क्रमाने वाच. कोणतं वाक्य अडतं ते लिहून काढ, आणि का अडतं तेही. त्यातून ईश्वराचा पुरावा मिळेल असं वचन मी देत नाही. पण विरोधकाचं म्हणणं पुरतं, त्याच्याच शब्दांत, आपल्या ग्रंथात येऊ द्यायचं आणि मगच उत्तर द्यायचं, ही अँसेल्मने घालून दिलेली रीत तुझ्या हाताला लागेल. धर्माचा विषय निघाला की आवाज चढतात, दारं आपटली जातात. अशा काळात आपल्याला याच रीतीची सर्वांत जास्त गरज आहे, आणि ती शिकायला आस्तिक असण्याचीही अट नाही, नास्तिक असण्याचीही नाही.